पीक बदलले, तरी मुळांचा रोग का राहतो?

मयूर विहार (दिल्ली) : सराय काले खाँकडून मयूर विहारकडे येणारी मेट्रोची गुलाबी मार्गिका यमुना ओलांडते, तेव्हा खिडकीतून काही क्षण चिल्ला खादरची शेते दिसतात. एका बाजूला पुलांचे खांब, दुसऱ्या बाजूला उंच इमारती आणि मध्ये नदीने आणलेल्या गाळावर मुळा, पालक, फुलकोबी, मोहरी आणि गव्हाचे लहानमोठे तुकडे. वरून पाहताना गव्हाचे शेत एकसारखे हिरवे दिसावे, अशी अपेक्षा असते. कोणत्याही गावच्या शेतात तसे न दिसता मध्येच एखादा पिवळसर, खुजा चट्टा दिसला, तर शेतकऱ्याचा पहिला संशय युरियावर जातो, दुसरा जस्तावर. युरिया टाकला जातो, जस्ताची फवारणी होते. चट्टा मात्र पुढल्या हिवाळ्यात थोडा मोठा होऊन परत येतो.

अशा वेळी रोप उपटून त्याची मुळे धुऊन पाहणारे थोडेच. पानावरचा तांबेरा कोणालाही दिसतो, कणसातील काणी दिसते. मुळांचा रोग जमिनीखाली असल्याने त्याचे श्रेय बहुधा दुसऱ्याच कारणाला मिळते. त्यावर सहज, स्वस्त असे औषधही नाही. उभ्या गव्हाच्या मुळांपर्यंत रसायन पोहोचवण्याचा खर्च गव्हाच्या भावात बसत नाही. त्यामुळे जगभर या रोगांवरचा मुख्य उपाय एकच राहिला आहे, तो म्हणजे पिकांची फेरपालट. मराठी शेतकरी तिला बेवड या शब्दाने ओळखतो. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, तागाचा उत्तम, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

परंतु फेरपालट केली की रोग जातो, हे विधान अर्धेच खरे आहे. काही रोग एका वर्षाच्या बदलाने नाहीसे होतात, काही चार वर्षांनीही हटत नाहीत आणि काही बाबतींत शेतकऱ्याला पीक बदलल्यासारखे वाटते, पण मुळांवर जगणाऱ्या जिवाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. हा फरक समजून घेण्यासाठी दिल्लीच्या आसपासच्या कोरडवाहू, रेताड पट्ट्यातील एका रोगापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

मोल्या : हिवाळ्याची वाट पाहणारा शत्रू

राजस्थान आणि हरियाणात गहू व जवाच्या (सातूच्या) या रोगाला मोल्या म्हणतात. त्याचे कारण बुरशी नसून हेटेरोडेरा ॲव्हेनी नावाची डोळ्यांना न दिसणारी सूत्रकृमी आहे. भारतात तिची पहिली नोंद १९५८ मध्ये राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातील नीम का थाना येथून झाली. पुढे हरियाणा, पंजाब, हिमाचल प्रदेश, जम्मू आणि दिल्ली परिसरातही ती आढळली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार एकट्या राजस्थानात तिच्यामुळे दरवर्षी गव्हाचे चार कोटी आणि जवाचे अडीच कोटी रुपयांचे नुकसान होत होते. हे आकडे तेव्हाच्या भावाने काढलेले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते.

या सूत्रकृमीचे जीवनचक्र पाहिले की फेरपालटीचे सगळे गणित उलगडते. मादी मेल्यावर तिचे शरीरच कडक, तपकिरी कवच बनते. त्याला पुटी म्हणतात. टाचणीच्या डोक्याहून लहान अशा एका पुटीत शेकडो अंडी सुरक्षित असतात. उन्हाळ्याचा कडाका, पावसाळा, कोरडी जमीन यांपैकी कशाचाही त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन थंड होऊ लागली की अंड्यांतून पिले बाहेर पडतात आणि नुकत्याच उगवलेल्या गव्हाच्या मुळांच्या टोकांतून आत शिरतात. मूळ खाली जाण्याऐवजी जागेवरच फुटवे फोडते, आखूड आणि झुपकेदार होते. जानेवारी-फेब्रुवारीत माद्या फुगून मुळाबाहेर येतात. तेव्हा धुतलेल्या मुळावर पांढरे, मोत्यासारखे ठिपके साध्या डोळ्यांनीही दिसतात. काढणीपर्यंत ते तपकिरी होऊन मातीत मिसळतात. वर्षाला एकच पिढी.

यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ही सूत्रकृमी तृणधान्यांपुरतीच मर्यादित आहे. गहू, जव आणि ओट ही तिची मुख्य अन्नपिके. मोहरी, हरभरा, मेथी, गाजर, कांदा यांच्या मुळांवर ती वाढू शकत नाही. दुसरी, सगळी अंडी एकाच वर्षी फुटत नाहीत. बरीचशी फुटतात, उरलेली पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवली जातात. निसर्गाने काढलेला हा विमाच म्हणावा लागेल.

म्हणजे ज्या हिवाळ्यात शेतात मोहरी किंवा हरभरा असतो, त्या हिवाळ्यात बाहेर आलेली पिले अन्नावाचून मरतात आणि जमिनीतील साठा साधारण निम्म्यावर येतो. सोप्या हिशेबासाठी समजा, जमिनीच्या ठरावीक मापात १०० अंडी आहेत. एका हिवाळ्याच्या मोहरीनंतर ५० उरतील, पुढच्या हिवाळ्यात हरभरा घेतला तर २५. तिसऱ्या वर्षी गहू चांगला येईल. मात्र त्या एका गव्हावर साठा दहापट वाढला, तर काढणीच्या वेळी जमिनीत २५० अंडी असतील, म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त. संख्या कमी असताना अन्न मुबलक असल्याने ही वाढ वेगाने होते. म्हणूनच मोल्याच्या पट्ट्यात तज्ज्ञ नुसत्या फेरपालटीवर थांबत नाहीत. तिला रोगप्रतिकारक वाणाची जोड देतात. राजस्थानात जवाचे 'राज किरण' आणि गव्हाचे 'राज मोल्या रोधक-१' हे वाण याच कारणासाठी आले. प्रतिकारक वाणाच्या मुळांत पिले शिरतात, पण माद्या तयार होत नाहीत. म्हणजे धान्यही मिळते आणि साठाही घटतो. शिवाय मे-जूनच्या कडक उन्हात दोन-तीन वेळा खोल नांगरट केली, तर वर आलेल्या पुट्या उन्हाने होरपळतात.

बाजरी-गहू ही फेरपालट आहे का?

येथेच नेहमीचा घोटाळा होतो. अलवर, सीकर किंवा महेंद्रगडच्या शेतकऱ्याला विचारले, तर तो खरिपात बाजरी आणि रब्बीत गहू घेतो. त्याच्या दृष्टीने वर्षातून दोनदा पीक बदलते. मोल्याच्या दृष्टीने मात्र बाजरीचा काळ हा झोपेचा काळ आहे. ती बाजरी खात नाही हे खरे, पण त्या वेळी तिला भूकही नसते. ती जागी होते थंडीत आणि प्रत्येक थंडीत तिच्यासमोर गहूच वाढलेला असतो. शेतकऱ्याच्या वहीत दोन पिके असली, तरी सूत्रकृमीच्या वहीत एकच आहे. तिच्यासाठी फेरपालट मोजायची ती हिवाळ्या-हिवाळ्यांत.

दिल्लीच्या आसपास दुग्धव्यवसाय मोठा असल्याने आणखी एक फसगत संभवते. गव्हाऐवजी चाऱ्यासाठी ओट पेरला, की पीक बदलल्याचे समाधान मिळते. परंतु या सूत्रकृमीच्या शास्त्रीय नावातील 'ॲव्हेनी' हा शब्द ओटाच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. ओट हे तिचे आवडते पीक. रानओटाचे तणही तिला तेवढेच चालते. मोहरीच्या शेतात रानओट माजू दिला, तर उपासाच्या दिवशी मागच्या दाराने जेवण पोहोचवल्यासारखे होते.

भाताच्या पट्ट्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. पंजाब-हरियाणातील भात-गहू ही पद्धत कागदावर फेरपालटच आहे. मात्र मेलॉइडोगायनी ग्रामिनिकोला ही मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी भातावर जगते आणि गव्हावरही. भाताच्या मुळांची टोके तिच्यामुळे आकड्यासारखी वाकडी, फुगीर होतात. ती ओळखण्याची हीच खूण आहे. शेतात पाणी साचवून केलेल्या भातात तिच्यावर काहीसा अंकुश राहतो. पाणी वाचवण्यासाठी थेट पेरणीचा भात वाढू लागला, तेव्हा तो अंकुश सैल झाला. पाण्याच्या दृष्टीने योग्य असलेला निर्णय मुळांच्या दृष्टीने नवा प्रश्न उभा करतो, असे हे उदाहरण आहे. हरियाणा सरकारने २०२० मध्ये 'मेरा पानी मेरी विरासत' योजनेत भाताऐवजी दुसरे पीक घेणाऱ्यांना एकरी सात हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले. त्यामागे विचार भूजलाचा होता. पर्यायी पीक निवडताना मुळांच्या रोगाचाही विचार झाला, तर त्याच पैशांत दोन कामे होतील.

रॉथॅमस्टेडचा गहू

या विषयावर जगातील सर्वांत जुना धडा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे गिरवला गेला. तेथील ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हावर गहू घेण्याचा प्रयोग सुरू आहे. १९६८ मध्ये त्याचा काही भाग फेरपालटीला देऊन दोन्हींची तुलना सुरू झाली. तेथील मुख्य मूळरोग 'टेक-ऑल'. हे नाव एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात रूढ झाले. सगळे पीकच घेऊन जाणारा, असा त्याचा अर्थ. ही बुरशी मुळे काळी पाडते, रोप अकाली पांढरे पडते आणि ओंबीत दाणा भरत नाही. भारतात तिचा उपद्रव मर्यादित आहे. तिची वागणूक मात्र फेरपालट समजण्यासाठी फार बोलकी आहे.

टेक-ऑलची बुरशी मातीत मोकळी जगू शकत नाही. मागच्या पिकाच्या कुजणाऱ्या मुळांत आणि धसकटांत ती तग धरते. ते कुजून संपले की तीही संपते. त्यामुळे एका वर्षाचे कडधान्य किंवा मोहरीवर्गीय पीक तिला पुरते. मोल्याला दोन-तीन हिवाळे उपाशी ठेवावे लागते, टेक-ऑलला एक वर्ष बस्स होते. एवढा फरक केवळ शत्रू कशात दडून बसतो यावरून पडतो.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. गव्हावर गहू घेत राहिले, तर दुसऱ्या ते चौथ्या वर्षी टेक-ऑल शिखर गाठतो आणि त्यानंतर शेतकऱ्याने काहीही न करता हळूहळू ओसरतो. याचे कारण शोधताना अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या मुळांभोवती वाढणारे स्यूडोमोनास जिवाणू सापडले. ते बुरशीला मारक असे प्रतिजैविक तयार करतात. बुरशी वाढली की तिच्यामुळे फुटलेल्या मुळांवर हे जिवाणूही वाढतात आणि अखेर तिला आवरतात. अशा जमिनीत मध्येच दुसरे पीक घेतले, तर जिवाणूंची ही फौज विखुरते. म्हणजे फेरपालट ही नेहमीच केवळ फायद्याची असते, असे नाही. अर्थात पहिली चार वर्षे तोटा सोसून जिवाणूंची वाट पाहणे कोणत्या लहान शेतकऱ्याला परवडेल, हा प्रश्न उरतोच.

बेवडाचा फायदा म्हणजे नत्राचा फायदा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी नत्र साठवतात, हे शालेय पुस्तकातील सत्य आहे. पण तेवढेच कारण असते, तर नत्र न साठवणाऱ्या पिकानंतर गव्हाला काही लाभ व्हायला नको होता. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी जगभरातील नऊशेहून अधिक तुलना एकत्र करून मांडले की, गव्हानंतरच्या गव्हापेक्षा ओटानंतरचा गहू हेक्टरी सरासरी अर्धा टन, मोहरीच्या कुळातील कॅनोलानंतरचा सुमारे ०.८ टन, तर कडधान्यांनंतरचा एक टन किंवा त्याहून अधिक जास्त येतो. ओट आणि कॅनोला नत्र साठवत नाहीत. त्यांच्यानंतरच्या वाढीव उत्पादनाचा मोठा वाटा मुळे निरोगी राहण्याचा आहे. मोहरीची कुजणारी मुळे आणि पाने तिखट वासाची जी रसायने सोडतात, त्यांना या यशाचे श्रेय देण्याची मध्यंतरी मोठी लाट आली होती. शास्त्रज्ञांचे आजचे मत सावध आहे. प्रत्यक्ष शेतात मोहरीचा मुख्य गुण ती काय सोडते यापेक्षा ती शत्रूला काय देत नाही, यातच जास्त दिसतो.

मालदांडीचा खडखड्या

उत्तरेतील आणि परदेशातील हे अनुभव जसेच्या तसे महाराष्ट्रात आणले, तर मात्र फसगत होईल. आपल्याकडील तृणधान्यांच्या मूळरोगांत सर्वांत ओळखीचा आहे तो रब्बी ज्वारीचा खडखड्या. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यातील शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ज्वारी निसवते, दाणा भरू लागतो आणि जानेवारीत जमिनीतील ओल तुटली की ताटे बुडापासून लोळू लागतात. लोळलेले ताट उभे चिरले, तर आतील भेंड कुजून नुसते धागे उरलेले असतात आणि त्यांवर कोळशाची भुकटी उधळावी तसे बारीक काळे कण असतात. दाणा बारीक राहतो. तितकाच मोठा फटका कडब्याला बसतो. रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्यासाठी कडबा हे दुय्यम उत्पादन नाही. उन्हाळ्यात दावणीची जनावरे टिकणार की बाजारात जाणार, हे त्यावर ठरते.

हा रोग मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या बुरशीमुळे होतो. तिचे ते काळे कण म्हणजे तिच्या निद्रिस्त गाठी. धसकटांतून त्या मातीत जातात आणि वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मोल्याशी तुलना केली तर दोन बाबतींत ही बुरशी उलट आहे. मोल्याला मोजकीच पिके चालतात. या बुरशीला सुमारे पाचशे प्रकारच्या वनस्पती चालतात. त्यांत हरभरा आहे, सोयाबीन आहे, तीळ, सूर्यफूल, मूग, कापूसही आहे. रब्बी ज्वारीच्या शेतात बेवड म्हणून जे पीक घ्यावे असे सुचते, ते बहुतेक या यादीत सापडते. ज्वारीनंतर हरभरा घेणे अनेक कारणांनी चांगले आहे. पण त्याने खडखड्याची उपासमार होते, असे समजणे चूक ठरेल.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. मोल्या निरोगी, जोमदार रोपावर हल्ला करतो. खडखड्याची बुरशी मुळांत लवकर शिरली, तरी ताट तहानलेले होईपर्यंत गप्प असते. जमिनीत ओल असेल, तर तिचे काही चालत नाही. ताट दाणे भरण्यासाठी खोडातील साठा ओढू लागले, पाणी मिळेनासे झाले आणि तापमान वाढले, की ती खोडात चढते. त्यामुळे येथे 'मागच्या वर्षी काय होते' यापेक्षा 'या वर्षी ओल किती दिवस टिकली' हा प्रश्न मोठा आहे. वेळेवर पेरणी, विरळ ठेवलेली रोपे, नत्राचा बेताचाच वापर, भेगा बुजवणाऱ्या कोळपण्या आणि जमल्यास दाणे भरण्याच्या वेळी एक संरक्षित पाणी, हे खडखड्यावरचे खरे उपाय आहेत. फेरपालटीचा उपयोग येथे आडवळणाने होतो. एखाद्या पिकाने जमिनीत सेंद्रिय अंश वाढवला, ओल धरण्याची ताकद वाढवली आणि ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशींना आधार दिला, तर त्याचा बेवड कामी येतो. उपासमारीने नव्हे, जमिनीच्या तब्येतीने.

मोहोळच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण आजही या पट्ट्यात का टिकून आहे, याचे एक कारण त्याच्या भाकरीत आहे आणि दुसरे दुष्काळ सोसण्याच्या त्याच्या चिवटपणात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सोलापूरचे रब्बी ज्वारी केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी नवे वाण निवडताना खडखड्या सोसण्याची क्षमता हा निकष ठेवला, तो या अनुभवामुळेच. फेरपालटीने जे साधत नाही, ते वाणाने आणि ओलीने साधायचे, असा हा मार्ग आहे.

सोयाबीन-गहू ही मराठवाडा-विदर्भातील जोडीही या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. सोयाबीनच्या बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी गोळ्या दिसतात, ती स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही बुरशी. जमीन उबदार व ओलसर असताना लवकर पेरलेल्या गव्हाच्या कोवळ्या रोपांनाही ती मूळकूज व बुंधाकूज करते. कडधान्यवर्गीय पिकानंतर तृणधान्य, ही रचना पुस्तकाप्रमाणे आदर्श आहे. या बुरशीला मात्र दोन्ही ताटे सारखीच. तिच्या गोळ्यांना हवा लागते, म्हणून खोल नांगरटीने त्या गाडणे, जमीन थंड होईपर्यंत पेरणी थोडी थांबवणे आणि बीजप्रक्रिया हे उपाय तेथे फेरपालटीपेक्षा भरवशाचे आहेत.

ज्याची जमीन एका वर्षाची

हे सारे शास्त्र एक गोष्ट गृहीत धरते. ती म्हणजे, तीन वर्षांनंतरही जमीन त्याच शेतकऱ्याकडे असेल. मयूर विहारलगतच्या खादरात हे गृहीतकच लागू होत नाही. येथे कसणाऱ्यांपैकी अनेक जण उत्तर प्रदेशातून आलेले आहेत आणि बीघ्याच्या हिशेबाने ठेक्यावर जमीन घेतात. जमिनीवर हक्क दिल्ली विकास प्राधिकरणाचा. खादर मोकळा करण्याच्या कारवाया वेळोवेळी होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये यमुनेच्या प्रदूषित पूरपट्ट्यात खाद्यपिके घेण्यास मनाई केली. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटर या विक्रमी उंचीवर गेली, तेव्हा येथील कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत राहिली आणि शेते पाण्याखाली गेली. पूर नवा गाळ आणतो, हे खरे. तो एका शेतातील पुट्या आणि बुरशीच्या गाठी दुसऱ्या शेतात नेऊन ठेवतो, हेही खरे.

पुढचा हंगाम आपला असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने या हिवाळ्यात भाजी किंवा गव्हाऐवजी मेथी-मोहरीवर समाधान मानावे आणि त्याचा लाभ पुढल्या ठेकेदाराने घ्यावा, असे सांगणे सोपे आहे. बेवड हा जमिनीत ठेवलेला पैसा आहे आणि तो ठेवणाऱ्याच्या नावावर राहत नाही. हा प्रश्न खादरापुरता नाही. महाराष्ट्रातही बटाईने किंवा वर्षाच्या खंडाने जमीन कसण्याचे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखे नाही आणि तोंडी व्यवहारात पुढच्या वर्षाची हमी कोणी देत नाही. शिवाय हमीभाव तेवीस पिकांना जाहीर होत असला, तरी उत्तरेत सरकारी खरेदीची खात्री गहू आणि भात यांनाच सर्वाधिक आहे. मुळांना विश्रांती देणाऱ्या मोहरी-हरभऱ्याची जोखीम शेतकरी स्वतःच्या खिशातून उचलतो. रोगनियंत्रणाच्या शिफारशींत या खर्चाचा रकाना सहसा नसतो.

रोग नेमका कोणता, हे ठरवल्याशिवाय फेरपालट आखण्यात अर्थ नाही, एवढे मात्र ठेक्याच्या शेतकऱ्यालाही उपयोगी पडणारे आहे. त्याला खर्च फारसा नाही. गव्हातील मोल्यासाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. चट्ट्याच्या मधोमध असलेले रोप घेऊ नये. तेथील मुळे बहुधा आधीच संपलेली असतात. कडेचे, नुकतेच पिवळे पडू लागलेले रोप खुरप्याने मातीच्या गोळ्यासह काढावे. ओढून उपटले तर बारीक मुळे आणि त्यांवरील माद्या मातीतच राहतात. बादलीतील पाण्यात गोळा हळूहळू विरघळू द्यावा आणि मुळे काळ्या कापडावर पसरून पाहावीत. पांढरे ठिपके दिसले, तर शंका उरत नाही. ज्वारीत लोळलेले ताट बुडाशी चिरून पाहणे पुरेसे असते.

प्रयोगशाळेत माती द्यायची असेल, तर शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची, वीत-दीड वीत खोलीवरील माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी आणि उन्हात ठेवू नये. सूत्रकृमी मेल्या, तर तपासणीत काही सापडत नाही. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात देता येतो. दिल्लीकरांसाठी पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत सूत्रकृमीशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९६६ पासून आहे. मयूर विहारहून मेट्रोच्या निळ्या मार्गिकेने शादीपूरला उतरले की ही संस्था जवळच आहे. पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर शेताची जागा, सध्याचे पीक आणि मागील तीन हिवाळ्यांची पिके लिहावीत. यांपैकी शेवटचे उत्तर चिल्ला खादरमधल्या ठेक्याच्या शेतकऱ्याकडे अनेकदा नसते. ते शेजारच्या बांधावर जुना कोणी असेल, तर त्याला विचारून लिहावे लागते.